आशीर्वाद देण्याचा अधिकार कोणाचा?

प्रश्न : मी मूळची नगर जिल्ह्यातली असून लग्नानंतर फोंड्याला आले. माहेरच्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासना संपताना पाळकसाहेब हात उंचावून आशीर्वाद देत. घरात कोणी कोणाला तसे म्हणत नसे. येथे शेजारच्या कॅथलिक घरात संध्याकाळचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) संपला की मुले हात जोडून आजीपुढे उभी राहतात आणि ‘बेसांव’ मागतात. मलाही माझ्या मुलांना असे म्हणावेसे वाटते, पण अधिकार नसताना केल्यासारखे तर होणार नाही ना? शिवाय जाऊबाईंशी वर्षभर माझा अबोला आहे. येत्या महिन्यात त्यांच्या मुलीचे लग्न आहे. मनात राग असताना तोंडाने शुभ बोलणे हे ढोंग नव्हे काय?
– एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : प्रिय भगिनी, त्या आजी काय म्हणतात ते एकदा नीट ऐका. ‘देव बेसांव घालूं’ असे त्या म्हणतात, म्हणजे बेसांव घालणारा देव आहे आणि आजींनी फक्त मागितले आहे. (बेसांव हा शब्द आशीर्वाद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला.) आपल्या मराठीतही ‘देव तुला सांभाळो’ या वाक्यात कर्ता देवच असतो, आणि ‘सांभाळो’ मधल्या त्या शेवटच्या ओकारात आपली सगळी विनवणी येते. म्हणून आशीर्वाद हा मंत्र नव्हे, तर ज्याच्यासाठी मागायचे त्याच्या समोर, त्याला ऐकू येईल असे केलेली प्रार्थना आहे, आणि प्रार्थनेला कोणाची परवानगी लागत नाही.

याजक अहरोन आणि त्याच्या मुलांनी इस्राएल लोकांना कोणत्या शब्दांत आशीर्वाद द्यावा हे बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात सांगितले आहे, आणि तुमचे पाळकसाहेब बहुधा तेच शब्द वापरत असतील. मंडळीच्या वतीने ते उच्चारणे हे त्यांचे काम आहे व ते त्यांच्याकडेच राहावे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या 1992 च्या ग्रंथातही हा फरक राखलेला आहे. जे आशीर्वाद ख्रिस्तसभेच्या आणि संस्कारांच्या जीवनाशी निगडित, ते धर्मगुरूंकडे. परंतु आशीर्वाद देण्याचे पाचारण बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आहे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

मोठ्याने लहानाला द्यायचा तो आशीर्वाद, असे आपण धरून चालतो. रूथच्या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायात मात्र बवाज बेथलेहेमाहून आपल्या शेतावर येतो आणि कापणी करणाऱ्यांना ‘परमेश्वर तुमच्याबरोबर असो’ असे म्हणतो, तेव्हा ते मजूर जमिनीच्या मालकाला उलट आशीर्वाद देतात. ना मंदिर, ना सण. भर कामाच्या वेळी, घामेजल्या अंगाने, विळा हातात असताना ही देवघेव होते. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या गोव्यात तो रोज घडतो. मासळीबाजारात पैसे हाती पडताच मासे विकणारी बाई ‘देव बरें करूं’ म्हणते. आपण ते आभार समजून पुढे जातो, पण शब्दशः तिने आपल्यासाठी देवाकडे कल्याण मागितलेले असते.

तेव्हा मुलांना अवश्य आशीर्वाद द्या. सकाळी दप्तर पाठीला लावून मूल दारात उभे असेल तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवा, त्याचे नाव घ्या आणि त्या दिवशी त्याला जे लागणार आहे तेच मागा : गणिताच्या पेपराला धीर, रुसलेल्या मित्राशी बोलण्याची बुद्धी. येशूनेही बालकांना कवेत घेऊन, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. एवढे मी आग्रहाने लिहितो याला कारण आहे. माझा मुलगा नववीत असताना ‘तुझ्या हातून काही व्हायचे नाही’ असे मी रागाच्या भरात बोलून गेलो. पुढे वीस वर्षांनी, नोकरी गेली त्या रात्री, त्याने तेच वाक्य स्वतःविषयी मला ऐकवले. एकाच तोंडातून आशीर्वाद आणि शाप निघणे योग्य नव्हे असे याकोब आपल्या पत्रात बजावतो, ते मी त्या रात्री नव्याने वाचले.

आता जाऊबाईंविषयी. जे शाप देतात त्यांना आशीर्वाद द्या, असे प्रभूने सांगितले. आधी राग जाऊ द्या आणि मग द्या, असे सांगितले नाही. नसलेली माया दाखवली तर ते ढोंग होईल. दुखावलेल्या मनाने दुसऱ्याचे भले मागणे हे ढोंग नव्हे. तरीही थेट त्यांच्यापुढे जाऊन बोलण्याची घाई करू नका, कारण अबोल्यानंतर अचानक आलेला आशीर्वाद टोमण्यासारखा लागतो. काही दिवस एकांतात त्यांचे नाव घेऊन देवाकडे मागा, आणि ‘त्यांना सुबुद्धी दे’ असे मात्र मागू नका, कारण ती तक्रारच असते. त्यांची झोप, त्यांची तब्येत, लेक सासरी गेल्यावर त्यांना जाणवणारे रिकामेपण, यांसाठी मागा. मग हळदीच्या दिवशी लवकर जा. पुतणीला हळद लावून झाली की तिच्या कपाळावर हात ठेवा आणि जाऊबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, ‘बाळ, तुझ्या आईने जसे घर सांभाळले, तसे सांभाळण्याचे बळ परमेश्वर तुला देवो.’