ताण कुणी दिला?

वसई,
नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार

प्रिय मुला,

जय येशू.

तुझा मेसेज रात्री पावणेएकला आलेला दिसला. मी तो पहाटे वाडीत जाण्याआधी, चहाचा कप हातात घेऊन वाचला. मोगऱ्याचा फोटो बघितला. “सर, पानं किती आलीत बघा, पण वर्षभरात फुलं सात.” आणि त्याखाली, जाता जाता आठवलं म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ: “प्रार्थनेला बसलो की आत काहीच होत नाही, सगळं कोरडं. सोडून देऊ का?”

आधी मोगऱ्याचं बोलतो, त्यातलं मला जरा तरी कळतं.

फोटोत कुंडीतली माती काळीभोर ओली दिसते. रोज पाणी घालतोस, हो ना? वर कसलं तरी खतही टाकलेलं दिसतंय. शिवाय तुझी गॅलरी पूर्वेची, म्हणजे दुपारच्या आतच ऊन गेलं. अरे, मोगऱ्याला पाच-सहा तास चांगलं कडक ऊन लागतं. पहिलं काम, कुंडी गच्चीवर ने. सोसायटीचा वॉचमन कुरकुर करेल, त्याला पुढच्या वर्षी दोन गजऱ्यांची फुलं देईन म्हणून सांग.

दुसरं काम जास्त अवघड आहे. पाणी तोड.

तू लहानपणी आमच्या वाडीत कळ्या खुडायला यायचास, पण ते मार्च-एप्रिलमध्ये. तोवर सगळं हिरवंगार झालेलं असायचं. डिसेंबरातली वाडी तू कधी नीट पाहिली नाहीस. नोव्हेंबर संपता संपता आम्ही मोगऱ्याचं पाणी बंद करतो. आमच्या रेताड जमिनीत दहा-बारा दिवस पुरतात, चिकण मातीत जास्त लागतात. पानं मलूल होतात, मग पिवळी पडतात, खालची गळायला लागतात. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाई दरवर्षी कुंपणावरून हळहळतात, “अंकल, झाडं मेली की हो!” मग छाटणी. गुडघ्याएवढी झुडपं ठेवायची, उरलेली पानं ओरबाडून काढायची, बुंध्याशी माती उकरून मुळं चार दिवस उन्हाला दाखवायची. त्यानंतर शेणखत, आणि मग पहिलं पाणी. त्या पाण्यावर जी नवी फूट येते, तिच्या शेंड्याला कळी बसते. मोगरा जुन्या काडीवर फुलत नाही. जुनी काडी कितीही जपलीस तरी ती तुला पानंच देणार, जी तुझ्या कुंडीत भरपूर आहेत.

याला आम्ही ताण देणं म्हणतो. तुमच्या ऑफिसातही ताण असतो, शब्द तोच. पण वाडीतला ताण देणारा रोज सकाळी येऊन झाड बघून जातो. पान किती लवलंय, शेंडा ताठ आहे का, दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी सावरतं का. जो बघायला येत नाही, त्याने दिलेल्या ताणाला आम्ही दुष्काळ म्हणतो.

आता तुझी दुसरी ओळ.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी तुम्हाला संत तेरेझाचं एक चित्र सांगितलं होतं, आठवतं? कलकत्त्याची नव्हे, स्पेनमधल्या आविलाची, सोळाव्या शतकातली. तिने आपल्या आत्मचरित्रात प्रार्थनेला बाग म्हटलंय आणि त्या बागेला पाणी घालायचे चार प्रकार सांगितलेत. विहिरीतून बादलीने शेंदणं, रहाटाने काढणं, ओढ्याचं पाणी खेळवणं, आणि पाऊस. तुम्ही पोरं हसलात, कारण रहाट तुमच्यातल्या कुणी पाहिलाच नव्हता. मी पाहिलाय. आमच्या बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यासारख्या मोठ्या विहिरीवर होता. पहाटे त्याची कुरकुर सुरू झाली की आजीची ‘नमो मरिये’ ही प्रार्थना त्याच तालावर चालायची, आणि बैल थांबला की तीही मधेच थांबायची, बैलाला हाक मारायची, पुन्हा पुढची मरिये.

तेव्हा मी तुम्हाला एवढंच सांगितलं की प्रार्थनेत सुरुवातीला कष्ट असतात, मग देव हातभार लावतो. पण त्याच ठिकाणी तेरेझाने विहीर आटण्याचंही लिहिलंय, ते मी गाळलं. माळी आला, बादली सोडली, आणि वर काहीच आलं नाही, तर? ती म्हणते, माळ्याने आपलं काम केलंय, फुलं पाण्याशिवाय जगवायची ती देव बघून घेईल. स्वतःच्या मठातल्या कोरड्या वर्षांतून गेलेल्या बाईने लिहिलंय हे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना कोरड्या विहिरीचं काय सांगायचं असं तेव्हा वाटलं. सांगायला हवं होतं. प्रार्थना म्हणजे नेहमी काहीतरी वाटलंच पाहिजे, अशी समजूत घेऊन तू पुण्याला गेलास त्यात माझाही हात आहे.

तर एक शक्यता ही, की तुझा हा ताण आहे. मला आठवतं, दहावीच्या रिट्रीटनंतर, त्या प्रार्थनेच्या शिबिरानंतर, तू रोज चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला यायचास, रोझरीची जपमाळ म्हणताना डोळ्यांत पाणी यायचं. ती पहिली पानं होती. छान होती. पण त्या जुन्या काडीवर आता कळी येणार नाही, आणि तू मात्र अजून तिच्याकडेच बघत बसलायस.

इथे थांबून पत्र संपवलं असतं तर ते बरंच गोड झालं असतं. पण मी तसं करणार नाही, कारण माझ्याशी कुणीतरी तसं केलं होतं. माझी बायको गेली त्या वर्षी एका भल्या माणसाने सगळ्यांच्या देखत माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “देव तुमची परीक्षा पाहतोय, सर.” त्याचा हेतू वाईट नव्हता. मी त्यानंतर जवळजवळ सात महिने मिस्साला गेलो नाही. परीक्षा घेण्यासाठी माझी बायको वापरणाऱ्या देवाकडे कशाला जायचं, असं वाटे. म्हणून तुला “हा ताण देवाने दिलाय” असं इथे बसून मी सांगणार नाही. झाड न बघता सांगतो तो माळी कसला?

दुसरी गोष्ट वाडीतलीच. एका वर्षी छाटणी झाली, खत घातलं, पाणी सोडलं, आणि फूट आलीच नाही. जी आली तिची पानं कडेने करपलेली, विस्तवाशी धरल्यासारखी. मी म्हटलं, ताण जास्त झाला, पाणी वाढवा. पाणी वाढवलं तसं झाड आणखी करपलं. शेवटी मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं तेव्हा कळलं. मचूळ लागत होतं. आमचं बावखल खारं झालं होतं.

वसईत हे का झालं ते तुला ठाऊक आहे. बिल्डिंगा उठायला लागल्या, टँकर विहिरींवर लागले, दिवसरात्र उपसा. जमिनीतलं गोडं पाणी खाली गेलं की समुद्र आत सरकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्या पाण्यासाठी आणि इथल्या हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले. अख्खं बायबल सुबोध मराठीत आणणारा माणूस, जुलै 2024 मध्ये गेला. विहीर खारी झाल्यावर “देवाची इच्छा” म्हणून गप्प बसा, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. टँकरला टँकर म्हटलं.

आता मला सांग, तुझी ड्यूटी अमेरिकेच्या वेळेने, संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. मला मेसेज करतोस तो जेवणाच्या सुट्टीत. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत झोप. गेल्या ईस्टरला घरी आला नाहीस. खोलीतल्या दोघांशी बोलणं फक्त भाड्याच्या दिवशी, असं तूच लिहिलं होतंस. बाळा, यातलं किती देवाने तोडलेलं पाणी आहे आणि किती टँकरने उपसलेलं? माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो. टँकर असेल तर त्यावर उपाय जास्त प्रार्थना हा नाही. जास्त घातलेल्या खाऱ्या पाण्याने माझी झाडं मेली. उपाय शिफ्ट बदलून मागणं आहे, डॉक्टरांना दाखवणं आहे, चार माणसांत जेवणं आहे. रानात झुडपाखाली थकून झोपलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी उपदेश नाही केला, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. मला बायबलमधला हा देवदूत फार आवडतो.

दोन्ही असेल, हेही शक्य आहे. बहुतेक वेळा दोन्हीच असतं.

मग ओळखायचं कसं? आम्ही करतो ती एक गोष्ट सांगतो. पानं नसलेली काडी घ्यायची आणि नखाने साल अगदी हलकेच खरवडायची. आत ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर झाड जिवंत आहे. कोरडं, तपकिरी निघालं तर थोडं खाली सरकून पुन्हा खरवडायचं. वरचा हातभर मेलेला असतो आणि बुंध्याशी हिरवं असतं, असं कितीदा होतं. माझ्या त्या खाऱ्या वर्षी साठातली तेवीस झुडपं अशी खाली सरकत सरकत जिवंत सापडली.

तुझ्या मेसेजवर मी तेच केलं. वर कोरडं होतं खरं. पण ज्याला काहीच वाटेनासं झालंय तो रात्री पावणेएकला, जेवण सोडून, “सोडून देऊ का” असं विचारत नाही. तो सोडून देतो, विचारतही नाही. तुला प्रार्थना जमत नाही याचा त्रास होतोय ना? तो त्रास हिरवा आहे. आणखी खाली खरवडायची मला गरज वाटली नाही.

तर सध्या एवढंच कर. अर्धा तास बसायचा हट्ट सोड. छाटलेल्या झाडाला कुणी वाफाभर पाणी सोडत नाही, तांब्याभर घालतात. कामावरून परतलास की जिना चढताना एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हण, तीन मजले म्हणजे पुरेसं होतं. त्यात काही वाटलं नाही तर नाही. आणि राग आला असेल तर स्तोत्रसंहिता उघड, तिथे रागाची सोय आहे. बाविसावं स्तोत्र “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” असंच सुरू होतं, आणि क्रुसावर प्रभूने तेच म्हटलं. तेव्हा हे वाक्य म्हणायला आपण संकोच करायचं कारण नाही. रविवारची मिस्सा मात्र चुकवू नकोस. ती तुझ्या एकट्याच्या विहिरीवर चालत नाही, तू नुसता बसलास तरी बाकीचे शेंदत असतात.

एक जुनी गोष्ट मधेच आठवली. तू चौथीत असशील. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ, उपवासाचे दिवस, चालू होता आणि तू आमच्या वाडीतल्या कळ्यांची परडी घेऊन वेदीवर ठेवायला निघालास. तुला दारातच थांबवलं. प्रायश्चित्तकाळात वेदीवर फुलं नाहीत, चौथा रविवार आणि मोठे सण सोडून. तू रडत माझ्याकडे आलास आणि विचारलंस, “मग देवाने मोगरा आत्ताच का फुलवला?” मी काहीतरी थातुरमातुर बोललो. त्या कळ्या नेहमीसारख्या पहाटेच्या लोकलने दादरला गेल्या, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी केसांत किंवा कुणाच्या तरी देवापुढे उमलल्या असतील.

आज विचारशील तरी माझ्याकडे उत्तर नाही. एवढं मात्र पाहिलंय की चर्चचं पंचांग आणि मोगऱ्याचं पंचांग जुळत नाही. आपण आगमनकाळात वाट बघत मेणबत्त्या लावतो तेव्हा माझी वाडी उजाड असते, आणि आपण राख कपाळी लावून उपवासाला बसतो तेव्हा ती फुलते. आज सकाळी मिस्साला दुसरी मेणबत्ती लागली. घरी येऊन मी पाणी तोडलेल्या ओळीतून फिरलो. आठवा दिवस आहे. पश्चिमेकडची चार झुडपं जरा जास्तच माना टाकून होती, तिथली माती पातळ आहे. त्यांना मी उद्याच छाटणार, बाकीच्यांना अजून तीन दिवस.

नाताळला येतोस का? रजा मागून बघ, नुसतं “बघतो” म्हणू नकोस. आलास तर छाटणीची कात्री तुझ्या हातात देईन. ओळीच्या दुसऱ्या टोकापासून सुरू कर, माझी कंबर आता तिथवर जात नाही.

तुझा,
धर्मशिक्षणाच्या वर्गातला सर

ता. क. कुंडीखालची ती प्लॅस्टिकची बशी काढून टाक. तिच्यात पाणी साचतंय, म्हणजे तू वरून पाणी तोडलंस तरी मुळं खालून पीत राहतील. आणि डासही तिथेच होत असतील.