बॅलेचा टूटू आला कुठून आणि फॅशनमध्ये शिरला कसा?

तुम्ही विचारलंय की लेकीच्या वाढदिवसासाठी घेतलेल्या फुगीर, जाळीच्या फ्रॉकला दुकानदार 'टूटू' म्हणाला, तर हा टूटू मुळात काय आणि बॅलेतला कपडा लहान मुलींच्या फ्रॉकपर्यंत पोचला कसा. मी पुण्यात नाटकं, गॅदरिंग आणि डान्सक्लासचे कपडे शिवते. काही वर्षांपूर्वी एका बॅले क्लाससाठी सहा टूटू शिवून दिले, तेव्हापासून या कपड्याचं वेड लागलंय. उत्तर जरा लांबेल.

टूटू नाजूक दिसतो, पण तो नाचणाऱ्या बाईच्या कामासाठी घडत गेलेला कपडा आहे. अठराव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात नर्तकी दरबारी थाटाचे, जमिनीपर्यंत लोळणारे जड झगे घालून नाचायच्या. मारी कामार्गो नावाची नर्तकी उडी मारून हवेतच पाय एकमेकांवरून झपाझप फिरवण्यात तरबेज होती. झग्याखाली ते कुणाला दिसणार? 1730 च्या दशकात तिने घेर घोट्याच्या वर घेतला आणि बुटाच्या टाचाही काढून टाकल्या. त्या काळी त्यावर गहजब झाला.

खरा टूटू मात्र शंभर वर्षांनी आला. 12 मार्च 1832 ला पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी टाल्योनी पांढऱ्या, पारदर्शक, घंटेच्या आकाराच्या घागऱ्यात पायाच्या बोटांवर उभी राहिली. घागरा पोटरीपर्यंत होता. तो युजीन लामीने रेखाटला असं मानतात. यामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे यंत्रावर विणलेली जाळी. इंग्लंडच्या जॉन हीथकोटने 1809 मध्ये तिच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे हातविणीची महाग जाळी आता थानाने मिळू लागली होती. दुसरी म्हणजे गॅसचे दिवे. त्या उजेडात पांढरी जाळी चांदण्यासारखी दिसायची, आणि परी, आत्मा, अप्सरा अशा भूमिकांना ते फारच शोभायचं. 1841 च्या 'जिझेल'मध्येही हाच पांढरा घागरा आहे.

पण जाळी आणि उघडी ज्योत! तरुण मुलींच्या थरांच्या थर घागऱ्याला आग लागून जीव गेल्याच्या घटना लंडन, फिलाडेल्फिया, पॅरिस, सगळीकडे घडल्या. यातली एम्मा लिव्हरी माझ्या डोक्यातून जात नाही. ती टाल्योनीची लाडकी शिष्या. टाल्योनीने 1860 मध्ये खास तिच्यासाठी एक बॅले बसवला, त्यात ती फुलपाखरू होते आणि मशालीने तिचे पंख जळतात. फ्रान्सच्या सरकारने 1859 मध्येच फर्मान काढलं होतं की रंगमंचावरचे कपडे आग न धरणाऱ्या द्रावणात बुडवलेले असावेत. ते द्रावण लावलं की जाळी कडक व्हायची, पिवळट, मळकी दिसायची. एम्माने नकार दिला आणि जबाबदारी माझी असं लिहून दिलं. 15 नोव्हेंबर 1862 ला तालमीच्या वेळी, घागरा चुरगळू नये म्हणून तिने तो उचलून झटकला आणि जवळच्या गॅसच्या दिव्यावर तो पेटला. आठ महिने ती झुंजली आणि जुलै 1863 मध्ये गेली, वयाच्या विसाव्या वर्षी. तिच्या जळक्या कपड्याचे तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. मी त्यांचा फक्त फोटो पाहिलाय आणि त्या दिवशी मशीनवर बसवलं नाही मला.

पुढे इटलीच्या नर्तकी आल्या, पायांची कसरत वाढली, तसा घागरा आणखी वर गेला. व्हर्जिनिया झुक्कीने 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गला हट्टाने आखूड घागरा घातला. 1895 च्या 'स्वान लेक'मध्ये पिएरीना लेन्यानीने एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या. त्या गिरक्यांमध्ये गुडघा कसा वळतो ते दिसलंच पाहिजे, लांब घेरात सगळी मजा जाईल. 'टूटू' हा शब्दही याच सुमाराचा. फ्रेंचमध्ये लहान मुलांच्या तोंडी ढुंगणासाठी जो बोबडा शब्द आहे, त्यावरून तो आला असं शब्दकोश सांगतात.

असा आखूड होत होत थाळीसारखा आडवा झालेला टूटू शिवायचा कसा, तेही सांगते, कारण बाहेरून ते कळत नाही. तो घागरा कमरेला बांधलेला नसतो. एका घट्ट चड्डीवर खालून वर जाळीच्या दहा-बारा झालरी चुण्या घालून शिवत जायच्या. मांडीजवळची पहिली झालर जेमतेम चार बोटं, सगळ्यात वरची दीड वीत. खालच्या आखूड झालरी वरच्या लांब झालरींना खांदा देतात, म्हणून तो आडवा उभा राहतो. शिवाय मधल्या एका थरात तारेची गोल कडी ओवतात. शेवटी सगळे थर एकमेकांना सैल, लांब टाक्यांनी धरून ठेवायचे. टाका ओढला गेला की टूटू छत्रीसारखा मिटतो. माझा पहिला तसाच मिटला, आख्खा उसवला. एकेकाला बारा-तेरा मीटर कडक नेट लागलं आणि त्या नेटने अंगठे सोलून निघाले. ठेवायचाही उलटा टांगून, म्हणजे झालरी खाली झुकत नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये 1950 च्या सुमारास बार्बरा कारिन्स्का या बाईंनी बॅले बसवणाऱ्या जॉर्ज बॅलांचिनच्या नर्तकींसाठी तार काढून टाकली आणि पावडरच्या पफासारखा मऊ, थोडा खाली झुकणारा टूटू केला. कारण अगदी साधं होतं. मंचावर खूप नर्तकी एकत्र आल्या की तारेच्या कडा एकमेकींना आपटून सगळे टूटू हेलकावे खायचे. चोळीचे काही तुकडे तिने उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेने कापले, म्हणजे श्वास घेताना कापड अंगाबरोबर ताणलं जातं. माझ्या मते टूटूच्या इतिहासातली सगळ्यात हुशार शिंपीण तीच.

आता फॅशन. खरं सांगायचं तर फॅशनने टूटू फार थोडा घेतला. तिने घेतली ती जाळी आणि घट्ट कंबर-फुललेला घेर ही आकृती. क्रिस्तियाँ दिओरने फेब्रुवारी 1947 मध्ये बारीक कमरेचे, फुलासारखे उमललेले घेरदार कपडे आणले, त्यात बॅलेची छाया स्पष्ट दिसते. विव्हियन वेस्टवूडने 1985 मध्ये घागरा फुगवणाऱ्या जुन्या व्हिक्टोरियन सांगाड्याचा घेर टूटूइतका आखूड करून 'मिनी-क्रिनी' केली. 'सेक्स अँड द सिटी' मालिकेच्या सुरुवातीला नायिका घालते तो पांढरा टूटू मालिकेची वेशभूषा करणाऱ्या पॅट्रिशिया फील्डला पाच डॉलरला मिळाला होता, आणि 2024 च्या लिलावात तसाच एक 52,000 डॉलरला गेला. मला मात्र यातली सगळ्यात जवळची वाटते ती सेरेना विल्यम्स. 2018 च्या यूएस ओपनमध्ये ती टूटू घालून टेनिस खेळली. पळणाऱ्या, घाम गाळणाऱ्या बाईच्या अंगावर तो पुन्हा कामाचा कपडा झाला.

आपल्याकडे तो लेहंग्याच्या आतून आला. लेहंगा फुगावा म्हणून आत कडक नेटचा 'कॅनकॅन' लावतात ना, ते नावही पॅरिसच्याच एका नाचावरून पडलंय. तुमच्या लेकीचा फ्रॉक म्हणजे तोच कॅनकॅन बाहेर आणून रंगीत केलेला.

फ्रॉकला आतून सुती अस्तर आहे का ते बघा, नसेल तर लावून घ्या, म्हणजे टोचणार नाही. आणि ही नेट नायलॉनची किंवा पॉलिस्टरची असते, ज्योत लागली की वितळून अंगाला चिकटते. केक कापताना मेणबत्त्या टेबलाच्या मध्यावर ठेवा आणि फुंकर मारायला वाकताना फ्रॉकचा घेर मागून कुणीतरी धरा.