लग्नपत्रिकेसाठी जलरंगाची कोणती शैली निवडावी?

प्रश्न : आमचे लग्न चार महिन्यांवर आले आहे. पत्रिकेसाठी चित्रकर्तीने तीन नमुने पाठवले आहेत. एकात एकमेकांत मिसळत गेलेले रंग आहेत, दुसऱ्यात बारकाईने रंगवलेली पानाफुलांची वेल आहे आणि तिसऱ्यात शाईच्या रेघांमध्ये हलके रंग भरून काढलेले लग्नस्थळाचे चित्र आहे. मला पहिला नमुना आवडला, होणाऱ्या नवऱ्याला तिसरा. २०० पत्रिका छापायच्या आहेत, तर कोणती शैली घ्यावी?

उत्तर : तिन्ही नमुने आपण मोबाइलच्या पडद्यावर पाहिले असावेत असे वाटते, आणि ते पाहून निर्णय घेऊ नये, हे आधी सांगायला हवे. जलरंगाचा थर पारदर्शक असतो. त्यातून खालच्या कागदाचा पांढरेपणा डोकावतो आणि चित्राला उजाळा येतो. छपाईत मात्र त्या थराऐवजी निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंचे बारीक ठिपके उमटतात. त्यामुळे मूळ चित्र कितीही देखणे असले, तरी छापल्यावर त्यातले काय उरते यावरच शैली ठरवावी.

आपल्याला आवडलेल्या शैलीत कागद ओला करून त्यावर ओलाच रंग सोडतात. तिची सगळी गंमत रंग फिकट होत होत कागदात विरून जातो त्या कडांमध्ये असते, आणि छपाई नेमकी तिथेच कच्ची पडते. अगदी फिकट छटा स्कॅन करताना कोरा कागद समजल्या जाऊन गळतात, किंवा छापताना ठिपके इतके विरळ होतात की रंग विरण्याऐवजी एका जागी तुटल्यासारखा दिसतो. झगमगीत गुलाबी, गडद निळा आणि मोरपिशी हे रंग चार शाईंच्या मिश्रणात बरेच मंदावतात, हेही धरून चालावे. त्याहून मोठी अडचण मजकुराची आहे. कुठे गडद, कुठे फिकट अशा डागांवर अक्षरे आली, की अर्धे नाव वाचता येते आणि अर्धे बुडते. देवनागरीत तर एखादा अनुस्वार किंवा रफार दिसेनासा झाला तरी नाव चुकते. म्हणून ही शैली घ्यायचीच असेल, तर रंग पत्रिकेच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबवावा आणि मजकूर कोऱ्या भागावर घ्यावा.

वेलीचा नमुना आपण दोघांनीही निवडलेला नाही, तेव्हा तो बाजूला ठेवू. एवढेच सांगतो की अशी वेल लहान आकारात छापली, तर पानांच्या शिरा शाईने भरून जातात.

तिसऱ्या शैलीत चित्राचा भार रेघ उचलते. छपाईत रंगाची छटा थोडी बदलली तरी इमारत इमारतच राहते, आणि एखादा रंग रेघेबाहेर सांडला तर तो उलट शोभून दिसतो. पथ्ये दोनच आहेत. रेघ फार नाजूक नसावी, कारण चित्र लहान केल्यावर ती तुटते. शिवाय रेघ आणि अक्षरे केवळ काळ्या शाईत छापावीत. ती चार शाईंतून छापली आणि एखादी शाई केसभर सरकली, तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. यासाठी चित्रकर्तीकडून रेखाटन आणि रंगकाम वेगवेगळे मागून घ्यावे.

माझे मत तिसऱ्या नमुन्याच्या बाजूने आहे, पण त्यात आपल्या आवडीलाही पुरेशी जागा आहे. इमारतीमागचे आकाश पहिल्या शैलीत, ओल्या कागदावर रंग सोडून करता येईल. रेघ आणि रंग एकाच कागदावर काढायचे असतील, तर शाई वाळल्यावर पाण्याने न पसरणारी हवी, नाहीतर आकाश रंगवताना छप्पर वाहून जाईल. चित्र छापायच्या आकाराला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, मिळतील असे स्कॅन करावे. ५ × ७ इंचांच्या पत्रिकेसाठी ते किमान १५०० × २१०० पिक्सेल होते. कडेपर्यंत रंग न्यायचा असेल, तर कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त रंगवून घ्यावे. कागद चकचकीत नको; चकाकीखाली जलरंग प्लॅस्टिकसारखा दिसतो. मात्र बिनचकाकीचा कागद शाई शोषतो आणि रंग आणखी उतरतात, म्हणून ज्या कागदावर पत्रिका निघणार आहे त्याच कागदावर एक प्रत काढून घ्यावी, ती दिवसाच्या उजेडात पाहावी आणि मगच छपाईला होकार द्यावा.

प्रश्न : जवळच्या ३० जणांसाठी मी स्वतः पत्रिका रंगवणार आहे. मजकूर आधी छापावा की रंगवल्यावर?

उत्तर : आधी छापावा. पाण्याने फुगलेला कागद वाळला तरी सपाट होईलच असे नाही, आणि वाकडा कागद प्रिंटरमध्ये अडकतो. पुष्कळशा इंकजेट प्रिंटरची शाई पाणी लागताच पसरते. लेझर प्रिंटरची भुकटी पाण्यात विरघळत नाही, पण खरखरीत कागदाच्या खळग्यांत ती नीट चिकटत नाही. म्हणून गुळगुळीत जलरंग कागद घ्यावा. ३०० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, कागद कमी वाकतो, मात्र घरगुती प्रिंटर इतका जाड कागद घेतो का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहून घ्यावे. पाच-सहा प्रती जास्त छापाव्यात, कारण पहिल्या दोन-तीन पत्रिका पाण्याचा अंदाज येईपर्यंतच खर्ची पडतात.