मुलाला सव्हाना मॉनिटर हवा आहे, आणू का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. सरडे, साप, कासवं यांच्याविषयी मिळेल ते वाचत असतो. आता त्याला सव्हाना मॉनिटर, म्हणजे आपल्या घोरपडीच्या जातकुळीतला आफ्रिकेतला मोठा सरडा, पाळायचा आहे. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत पिल्लू तळहातावर बसलेलं दिसतं. ‘स्वभावाने शांत, नवशिक्यांसाठी योग्य, आठवड्याला दोन उंदीर खातो, चार फुटी काचेच्या टाकीत आयुष्यभर राहतो,’ असं त्याने सांगितलं. मुलाने टाकीचा नकाशाही काढला आहे. घरात आम्ही दोघं, हा, आणि त्याची तीन वर्षांची बहीण. मला किळस किंवा भीती नाही, पण हो म्हणावं की नाही ते कळत नाही. – एक आई

उत्तर : ताई, आणू नका. मुलगा लहान आहे म्हणून मी नाही म्हणत नाही. पत्रावरून तो मनापासून अभ्यास करणारा दिसतो आणि अशी मुलं भेटली की मला फार बरं वाटतं. पण विक्रेत्याने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी फक्त पहिलीत थोडं तथ्य आहे. उरलेल्या तीन गोष्टींवर विसंबून वाढवलेले सव्हाना मॉनिटर माझ्याकडे उपचाराला येतात, आणि त्यातले बरेच तोवर हाताबाहेर गेलेले असतात.

आधी आकाराचं बघू. तळहातावरचं पिल्लू नीट खाऊ लागलं की वर्षभरात दोन फुटांच्या आसपास पोचतं. पूर्ण वाढलेला प्राणी तीन ते चार फुटांचा होतो. अंगाने भरलेला, पायात ताकद, नखं माती उकरण्यासाठी घडलेली. चार फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही. नीट सांभाळला तर तो दहा-बारा वर्षं किंवा जास्तही जगतो. म्हणजे तुमचा मुलगा सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत. मधल्या काळात तो शिकायला बाहेर जाईल, नोकरी धरेल, भाड्याच्या घरात राहील. तेव्हा हा प्राणी कोणाकडे असेल, ते आजच ठरवावं लागतं. बहुतेक घरांत ती जबाबदारी आईवर येते, म्हणून हे मी मुलाआधी तुम्हाला विचारते आहे.

आता खाण्याचं. याबाबतीत सगळ्यात जास्त नुकसान झालेलं मी पाहते, म्हणून जरा सविस्तर सांगते. सव्हाना मॉनिटर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या गवताळ प्रदेशातला. घानामध्ये रानातल्या पिल्लांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात मुख्यतः रातकिडे, नाकतोडे असे कीटक आणि बिनकण्याचे इतर जीव आढळले. मोठी जनावरंही गोगलगायी, भुंगेरे, विंचू असलंच बरंच खातात. उंदीर त्यांना आवडतो यात शंका नाही. समोर टाकला की झडप घालतात, मालकालाही बघायला मजा येते. पण आठवड्यामागून आठवडे चरबीदार उंदीर खाऊन, बंद टाकीत हालचाल न करता पडून राहिलेल्या प्राण्याच्या पोटात आणि यकृतात चरबी साचते. पोट जमिनीला घासतं, चालताना तो धापा टाकतो. मालक कौतुकाने सांगतात, ‘बघा डॉक्टर, किती गुटगुटीत झालाय!’ अशा वेळी त्यांना खरं सांगणं मला फार जड जातं.

त्याच्या जोडीला पाण्याची कमतरता असते. सरपटणारे प्राणी शरीरातला नायट्रोजनयुक्त कचरा मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. शरीर कोरडं पडलं की मूत्रपिंडांना ते झेपत नाही आणि त्याचे खडे सांध्यांत, कधी हृदयाच्या आवरणावरही साचतात. त्याला आपण गाऊट म्हणतो. सांधे सुजतात, प्राणी हलायचं बंद करतो. त्या टप्प्यावर वेदना कमी करण्यापलीकडे माझ्या हाती फारसं काही उरत नाही.

तुम्ही म्हणाल, पाण्याचं भांडं ठेवलं की झालं. तेवढ्याने भागत नाही. रानात हा प्राणी बिळात राहतो आणि बिळातली हवा दमट असते. वर जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या टाकीत दिवा लावला की गरम हवा वरून निघून जाते, आतली ओल जाते आणि प्राणी श्वासागणिक सुकत राहतो. त्याला खणता येईल अशी, बोगदा ढासळणार नाही इतपत ओलसर माती लागते, आणि तीही निदान दोन फूट खोल. आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच अशी बंद लाकडी पेटी एका मोठ्या सव्हाना मॉनिटरसाठी किमान धरतात. तिच्यात दोन फूट ओली माती भरली तर नुसत्या मातीचं वजन दोन टनांच्या वर जातं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर घराची जमीन हे ओझं पेलेल का, हे बांधकामातल्या जाणकाराला विचारावं लागेल. मुलाच्या नकाशात मातीची खोली लिहिली आहे का, बघा.

मादी असेल तर ही माती आणखी गरजेची. नर नसतानाही मादीच्या पोटात अंडी तयार होऊ शकतात आणि घालायला मनासारखी जागा मिळाली नाही तर ती आत अडकतात. त्यात मादी दगावते. नर की मादी हे पिल्लाकडे बघून सांगता येत नाही, त्यामुळे विक्रेत्याच्या ‘नर आहे’ या शब्दावर जाऊ नका.

उष्णता आणि प्रकाशाचं थोडक्यात. ऊन खाण्याच्या जागेच्या पृष्ठभागाचं तापमान पन्नास अंश सेल्सिअसच्या वर, साठच्याही आसपास हवं, आणि पेटीचं दुसरं टोक पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर. आखूड पेटीत हा फरक राखता येत नाही, सगळी पेटीच भट्टी होते. यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांची नळी लागते. ती प्रकाश देत राहते, पण किरण कमी होत जातात, म्हणून साधारण वर्षाने बदलायची. तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायचं, हाताने अंदाज घ्यायचा नाही.

तीन वर्षांच्या मुलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायलाच हवं. अगदी ठणठणीत दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जिवाणू बाहेर पडतात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना त्याचा संसर्ग गंभीर होऊ शकतो. तिने प्राण्याला हात लावला नाही तरी भावाच्या हातावरून, कपड्यांवरून, किंवा भांडी घासायच्या सिंकमध्ये त्याचं पाण्याचं भांडं धुतल्याने जिवाणू तिच्यापर्यंत पोचतात. ती शाळेत जायला लागेपर्यंत थांबायला एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

आणखी एक. बाजारात येणारी सव्हाना मॉनिटरची बहुतेक पिल्लं घाना, टोगो, बेनिन या देशांतून येतात. रानातून खणून काढलेल्या अंड्यांतून किंवा पकडलेल्या गाभण माद्यांपासून ती मिळवलेली असतात. बंदिवासात त्यांची वीण फार कमी होते. प्रवासात पिल्लं सुकतात, पोटात जंत घेऊन येतात आणि किती तरी पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. त्यांची किंमत कमी असते ती यामुळेच.

आता मुलाशी बोलते. बाळा, तुझा नकाशा फाडू नकोस. मॉनिटरच पाळायचा असेल तर काही वर्षांनी ‘अ‍ॅकी’चा विचार कर. हा ऑस्ट्रेलियातला काटेरी शेपटीचा मॉनिटर, शेपटीसकट दोन-सव्वादोन फुटांचा. ऑस्ट्रेलियातून त्याच्या व्यापारी निर्यातीला बंदी आहे, पण बंदिवासात त्याची वीण नियमित होते, त्यामुळे रानातून उचललेला प्राणी घ्यावा लागत नाही. मात्र जन्माची कागदपत्रं मागायचीच. त्यालाही चार फूट बाय दोन फुटांची पेटी, फूटभर माती, तेवढंच कडक ऊन आणि कीटकांचा आहार लागतो. पंधरा वर्षं तो सहज जगतो.

त्याआधी कायदा बघ. परदेशी प्राणी घरी ठेवण्याचे नियम देशोदेशी, काही ठिकाणी प्रांताप्रांतात वेगळे आहेत. मॉनिटरच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. कोमोडो ड्रॅगन, बंगाल मॉनिटर म्हणजे आपली घोरपड, आणि आणखी मोजक्या जाती त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे रानातून धरलेल्यांचा देशादेशांतला व्यापार बंद. बाकी सगळ्या दुसऱ्या परिशिष्टात, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. कागदपत्रं नसलेलं पिल्लू कितीही गोंडस दिसलं तरी घ्यायचं नाही.

आणि प्राणी आणण्याआधी पेटी बांध. मातीसकट पूर्ण, दिवे लावून, टायमर लावून रिकामी चालव. रोज दोन्ही टोकांचं तापमान आणि बिळातला दमटपणा वहीत लिही. उन्हाळा, पावसाळा, थंडी, तिन्ही ऋतू जाऊ देत. कीटकांची पैदासही घरी सुरू कर. रिकाम्या पेटीची देखभाल वर्षभर न कंटाळता केलीस तर आईने मला पुन्हा पत्र लिहावं. त्या वेळी माझं उत्तर वेगळं असेल.

प्रश्न : मॉनिटर माणसाला ओळखतो का? की सवयीने फक्त घाबरायचा थांबतो? – एक विद्यार्थिनी

उत्तर : हा प्राणी डोक्याने तल्लख आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काळ्या गळ्याच्या मॉनिटरच्या आठ पिल्लांना भक्ष्य ठेवलेली, बिजागरीची दारं असलेली पारदर्शक नळी दिली. पहिल्याच खेपेस आठही पिल्लांनी दहा मिनिटांच्या आत दार उघडलं आणि पुढच्या खेपांना वेळ कमी लागला. रोज खायला घालणारं माणूस आणि परकं माणूस यांत ते फरक करतात, हे मी स्वतःही पाहते. पण कुत्र्यासारखी जवळीक अपेक्षू नये. बिळातून स्वतःहून बाहेर येऊन, जीभ लपलपवत तुमचा वास घेऊन तो शांत उभा राहिला तर तेवढा विश्वास पुष्कळ आहे. धरून, उचलून, रोज हाताळून त्याला ‘माणसाळवायला’ गेलात तर शेपटीचा फटका, नखं आणि चावा ठरलेला. मोठ्या जातींचा चावा टाके घालायला लावतो, आणि एकदा धरलं की लवकर सोडत नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे साडेचार फुटांचा नाइल मॉनिटर आहे. आणला तेव्हा हातभर होता. आता आवरत नाही, टाकीची काच फोडली. गावाबाहेरच्या तळ्यात सोडला तर त्याला मोकळेपणा मिळेल ना? – एक त्रस्त वाचक

उत्तर : कृपा करून सोडू नका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या केप कोरल शहरात 1990 च्या सुमारास असेच सुटलेले किंवा सोडलेले नाइल मॉनिटर दिसू लागले. कालव्यांच्या काठाने ते वाढले, आणि आता जमिनीत बिळं करून राहणाऱ्या तिथल्या घुबडांनाही त्यांचा धोका आहे. इतकी वर्षं पकडूनही ते संपलेले नाहीत. 2021 मध्ये फ्लोरिडाने ही जात प्रतिबंधित यादीत टाकली. दुसरीकडे, हवा मानवली नाही तर तुमचा प्राणी तळ्याकाठी थंडीने किंवा उपासमारीने मरेल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी त्याला मोकळेपणा मिळाला असं म्हणता येणार नाही.

तुमच्या भागातल्या वन्यजीव अधिकाऱ्यांना आणि प्राणिसंग्रहालयाला आजच लेखी कळवा. परवाना नसेल तरी लपवू नका, स्वतःहून सांगणाऱ्याचं ऐकून घेण्याची शक्यता जास्त असते. जागा मिळायला महिने लागतात, कारण मोठे मॉनिटर घ्यायला फारसं कोणी तयार नसतं. तोवर त्याला एक रिकामी खोली द्या. दाराला बाहेरून कडी, खिडकीला लोखंडी जाळी, दिव्याभोवती पिंजरा, अंग बुडेल एवढं पाण्याचं टब आणि चढायला जाड ओंडका. आत जाताना दुसरं मोठं माणूस सोबत ठेवा आणि हातात चामड्याचे लांब मोजे घाला. त्याचं वजन आणि शेपटीच्या बुडाचा वरून काढलेला फोटो मला पाठवा. चरबी किती साठली आहे हे तिथे नीट दिसतं, त्यावरून खाणं किती कमी करायचं ते कळवते.