मत द्यायला कागद किती लागतात हो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही अमेरिकेतल्या राज्यांच्या मतदार-ओळखपत्राच्या आणि नागरिकत्वाच्या पुराव्याच्या कायद्यांविरुद्ध चाललेल्या मोहिमेबद्दल छोटंसं टिपण छापलं होतं. त्यावर भरपूर ईमेल्स आल्या, निम्म्या तरी चिडलेल्या. जमतील तेवढी घेतलीत, नावं मुद्दाम छापत नाही.

प्रश्न : ताई, भारतात आपण व्होटर कार्ड दाखवूनच मत देतो, कोणी कुरकुर करत नाही. मग इथे आयडी मागितला की लगेच अन्याय-अन्याय कशाला? इथे तर सर्दीच्या गोळीला पण आयडी लागतो. (एक वाचक, प्लेनो, टेक्सास)

गोळीचं जाऊ द्या, गोळी घेणं हा काही घटनेनं दिलेला हक्क नाही. पण भारताचा मुद्दा रास्त आहे आणि तो मला मांडवात, पॉटलकला, सगळीकडे ऐकवला जातो. फरक असा की तिकडे यादी सरकार करतं, बीएलओ, म्हणजे निवडणूक आयोगाचा मतदान केंद्रापुरता नेमलेला माणूस, घरी येतो, फॉर्म ६ भरला की कार्ड फुकट मिळतं, आणि कार्ड हरवलं तरी नाव यादीत असलं की आधार, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड यातलं काहीही चालतं. (तिकडेही आता सगळं आलबेल आहे असं नाही, २०२५ मध्ये बिहारच्या फेरतपासणीत मसुदा यादीतून ६५ लाख नावं गेली आणि आधार चालेल हे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं.) इकडे देशभर चालणारं फुकट ओळखपत्रच नाही. लायसन्स आहे ते गाडी चालवणाऱ्याला, आणि नोंदणी ज्याची त्याने करायची.

तुमच्याच टेक्सासचं बघा. २०११ च्या मतदार-आयडी कायद्यात लपवून पिस्तूल बाळगायचं लायसन्स चालायचं पण सरकारी युनिव्हर्सिटीचं स्टुडंट आयडी चालायचं नाही, म्हणजे कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे यादीवरूनच कळत होतं की नाही! कोर्टात निघालं की नोंदणी झालेल्या सुमारे ६ लाख मतदारांकडे यातलं एकही कार्ड नाही. २०१६ मध्ये अपील कोर्टाने या कायद्याचा परिणाम भेदभावाचा आहे असं म्हटलं, मग २०१७ मध्ये राज्याला कायदा सैल करावा लागला, आता अडचण लिहून दिली की दुसरे कागद चालतात. इंडियानाची गंमत तर विचारूच नका. २००८ च्या एप्रिलअखेर सुप्रीम कोर्टाने तिथला आयडी कायदा ६ विरुद्ध ३ ने उचलून धरला आणि आठवडाभरात साउथ बेंडच्या कॉन्व्हेंटमधल्या डझनभर म्हाताऱ्या नन्स, ऐंशी-नव्वदीच्या, मतदान केंद्रावरून परत पाठवल्या गेल्या, कारण गाडी चालवणं सोडून जमाना झालेला, लायसन्स कुठलं! आणि त्यांना परत पाठवणारी तिथली कर्मचारी कोण, तर त्यांच्याच कॉन्व्हेंटमधली नन.

तरी खरं सांगायचं तर आयडीच्या बाबतीत आमच्या बाजूचे, म्हणजे या कायद्यांना विरोध करणारे, लोक कधी कधी फार ताणतात. २००८ ते २०१८ चा देशभरातला डेटा घेऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासात आयडी कायद्यांमुळे एकूण मतदान घटलेलं दिसलं नाही. घोटाळे कमी झालेलेही दिसले नाहीत, ते वेगळं. आणि २०२४ च्या गॅलप सर्व्हेत ८४ टक्के लोक फोटो आयडीच्या बाजूने होते. म्हणून माझं मत असं आहे की केंद्रावर आयडी मागण्यावर गळा काढण्यापेक्षा कुठली कार्डं चालणार ती यादी वाढवून घ्या, फुकट मिळतील असं बघा, आणि खरी ताकद पुढच्या प्रश्नातल्या गोष्टीवर लावा.

प्रश्न : आयडीचं सोडा, पण नागरिकत्वाचा पुरावा तरी मागायला नको का? आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत अर्धं आयुष्य काढलं, आणि कोणी सोम्यागोम्या येऊन मत देऊन जाणार? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

भावना कळते. पण हा प्रयोग एका राज्याने करून झालाय, निकाल समोर आहे. कॅन्ससने २०११ मध्ये कायदा केला आणि २०१३ पासून नोंदणी करतानाच जन्मदाखला किंवा पासपोर्ट किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट (नागरिकत्व घेतल्याचा दाखला) मागायला लागले. नुसती सही आणि शपथ चालेना. तीन-चार वर्षांत ३१ हजारांवर लोकांची नोंदणी अडकली, म्हणजे अर्ज करणाऱ्यांतले साधारण १२ टक्के. आणि सोम्यागोम्या किती सापडले? १९९९ पासून यादीत शिरलेले परकीय नागरिक जास्तीत जास्त ३९, तेही बरेचसे डीएमव्हीच्या (लायसन्सच्या ऑफिसच्या) काउंटरवरच्या गोंधळाने. क्रिस कोबॅक तेव्हा तिथले सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या निवडणुका सांभाळणारे अधिकारी, स्वतः वकील, केस स्वतःच लढवत होते, त्यांचं म्हणणं की हे हिमनगाचं टोक आहे. न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी २०१८ च्या निकालात लिहिलं की हिमनग वगैरे काही नाही, छपराला लटकणारी बर्फाची कांडी आहे, आणि तीही गैरसमज आणि कारकुनी चुकांची. वर कोबॅकना सहा तास कायद्याचा क्लास लावायला सांगितलं. २०२० मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं आणि सुप्रीम कोर्टाने केस घ्यायलाच नकार दिला.

खोटं बोलून नोंदणी करणं आधीच गुन्हा आहे हो. तुरुंग आणि डिपोर्टेशन. रांगेत आयुष्य काढलेला माणूस एका मतासाठी ते पणाला लावेल का, तुम्हीच सांगा.

आणि तरी तोच कित्ता पुन्हा गिरवला जातोय. न्यू हॅम्पशरने २०२४ मध्ये कायदा केला, २०२५ च्या मार्चमधल्या गावच्या निवडणुकांत लोक परत गेले, त्यात लग्नात आडनाव बदललेल्या बायका होत्या, जन्मदाखला माहेरच्या नावाचा, मग जा घरी आणि लग्नाचा दाखला शोधा. वॉशिंग्टनला सेव्ह अ‍ॅक्ट नावाचं बिल २०२५ च्या एप्रिलमध्ये हाउसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, २२० विरुद्ध २०८ ने पास केलं, त्यातही नोंदणीला नागरिकत्वाचा कागद हवाच. अंदाज आहे की २ कोटींवर अमेरिकन नागरिकांकडे असे कागद हाताशी नाहीत. पासपोर्ट काढा म्हणणं सोपं, पहिला काढायला १६५ डॉलर लागतात.

प्रश्न : लग्नात माझं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, मधलं नाव आधी वडलांचं होतं ते नवऱ्याचं झालं, सिटिझनशिपच्या वेळी मी मधलं नाव काढूनच टाकलं. सर्टिफिकेटवर एक, जुन्या लायसन्सवर दुसरं. मला अडवतील का? (एक वाचक, ह्यूस्टन)

तुमच्यासारख्या बायका आपल्यात घरटी एक आहेत. आम्ही गणपतीत नोंदणीचं टेबल लावतो तेव्हा एक दृश्य हमखास दिसतं. एखाद्या काकू पर्समधून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधलं सर्टिफिकेट काढतात, हातात देत नाहीत, लांबूनच दाखवतात, आणि विचारतात की याची झेरॉक्स काढली तर जेल होईल ना? कारण जुन्या सर्टिफिकेटवर तसं छापलेलंच आहे, की योग्य अधिकाराशिवाय याची नक्कल करणं गुन्हा. कायदेशीर कामासाठी कॉपी काढायला हरकत नाही हो काकू, काढा आणि दोन जागी ठेवा. मूळ हरवलं तर नवीन काढायला एन-५६५ फॉर्म, कागदावर भरला तर ५५५ डॉलर फी, आणि महिनोन् महिने वाट बघणं आलं.

आज टेक्सासमध्ये नोंदणीला नागरिकत्वाचा कागद लागत नाही, त्यामुळे तुमचं नाव आधीच यादीत असेल तर नुसत्या मधल्या नावामुळे घाबरू नका. नावं जवळपास जुळत असली तर केंद्रावर एका छोट्या डिक्लरेशनवर सही करून मत देता येतं. पण लायसन्स अपडेट करून घ्या, आणि का ते सांगते. २०१९ च्या जानेवारीत टेक्सासने जाहीर केलं की मतदार यादीत ९५ हजार लोक परकीय नागरिक असू शकतात, टीव्हीवर नुसता धुरळा. मग कळलं की यादी बनवली होती जुन्या लायसन्सच्या रेकॉर्डवरून. तुम्ही ग्रीन कार्डवर असताना लायसन्स काढलं, नंतर शपथ घेऊन सिटिझन झालात, पण लायसन्सच्या ऑफिसला ते कळवायचं बंधन नाही, त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरात तुम्ही अजून परकीयच. म्हणजे अडकले कोण, तर रीतसर रांगेत उभं राहून नागरिक झालेले, तुमच्याआमच्यासारखे. काही दिवसांतच हजारो नावं चुकून घातली हे मान्य करावं लागलं, संघटना कोर्टात गेल्या, एप्रिलमध्ये राज्याने यादी मागे घेतली आणि वकिलांचे साडेचार लाख डॉलर भरले. करदात्यांच्या खिशातून, अर्थात.

मुलांचंही बघून ठेवा. तुम्ही शपथ घेतलीत तेव्हा ग्रीन कार्डवर असलेली, तुमच्याजवळ राहणारी १८ खालची मुलं आपोआप नागरिक झाली, पण त्यांना आपोआप कागद मिळत नाही. पासपोर्ट काढला असेल तर तोच पुरावा. तो संपलेला पडलाय ड्रॉवरमध्ये आणि पोरगं कॉलेजला दुसऱ्या राज्यात, असं बऱ्याच घरांत आहे.

प्रश्न : रियल आयडी काढलंय, विमानाला चालतं. ते नागरिकत्वाचा पुरावा म्हणून चालेल ना? (एक वाचक, शिकागो)

नाही. रियल आयडी म्हणजे केंद्राच्या नियमांप्रमाणे राज्य देतं ते लायसन्स किंवा ओळखपत्र, ते ग्रीन कार्डवाल्याला मिळतं, एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावाल्यालाही मिळतं, त्यावरून नागरिकत्व कळत नाही. मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हर्मोंट आणि वॉशिंग्टन या पाच राज्यांत एन्हान्स्ड लायसन्स मिळतं, ते फक्त नागरिकांना देतात. इलिनॉयमध्ये ते नाही.

प्रश्न : मी एच-१बीवर, आईबाबा ग्रीन कार्डवर इथेच असतात. आम्ही या मोहिमेत काही केलं तर व्हिसाला धोका? (एक वाचक, सॅन होजे)

बोलायला, लिहायला, आमदाराला पत्र पाठवायला, सुनावणीत म्हणणं मांडायला कायद्याने बंदी नाही. पण सध्या व्हिसावाल्यांसाठी वातावरण कसं आहे ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा पुढे किती यायचं ते आपापलं ठरवा, वाटलं तर वकिलाला विचारा. उमेदवाराला पैसे मात्र एच-१बीवर असताना देऊ नका, तो गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ते चालतं.

मला जास्त काळजी बाबांची वाटते. डीएमव्हीत स्क्रीनवर प्रश्न येतो, मतदार म्हणून नोंदणी करायची का, बाबांना वाटतं सरकार विचारतंय तर हो म्हणावं, आणि बटण दाबतात. हे अजिबात होऊ देऊ नका, सोबत जा. पुढे सिटिझनशिपच्या अर्जात, एन-४०० मध्ये, कधी नोंदणी केली होती का असा सरळ प्रश्न आहे आणि चुकून दाबलेल्या त्या एका बटणावरून डिपोर्टेशनपर्यंत गोष्टी गेलेल्या आहेत. कॅन्ससच्या त्या ३९ मध्ये असेच लोक होते.

प्रश्न : आमचं मराठी मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था, आहे. राजकारण नको म्हणून कमिटी हात झटकते. आम्ही नक्की काय करू शकतो? (एक वाचक, कोलंबस, ओहायो)

उमेदवाराचं नाव घेऊ नका, एवढंच लक्ष्मणरेषेसारखं पाळा. नोंदणीचं टेबल लावता येतं, एखाद्या बिलाला विरोधही मर्यादेत करता येतो. बिल कमिटीत येतं तेव्हा कोणीही जाऊन दोन-तीन मिनिटं बोलू शकतं, लेखीही देता येतं. तिथे लोकशाही धोक्यात वगैरे भाषण ठोकू नका, ते ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेत. मंडळातल्या एखाद्या बाईंना घेऊन जा, दोन नावांचे दोन कागद टेबलावर ठेवा, आणि विचारा की तुमच्या कायद्याप्रमाणे या मत देऊ शकतील का, हो की नाही. आणि मागण्या नेमक्या ठेवा, कागद नसेल तर शपथपत्र चाललं पाहिजे, नाव काढण्याआधी लेखी नोटीस आणि उत्तराला पुरेसा वेळ, दाखल्यांच्या प्रती फुकट. लीग ऑफ विमेन व्होटर्सची शाखा बहुतेक ठिकाणी असते, कॅन्ससच्या केसमध्ये त्या बायका पहिल्यापासून होत्या. आशियाई लोकांसाठी एपीआयए-व्होट आहे, आणि कागद जमवायला व्होटरायडर्स नावाची संस्था मदत करते, वेळप्रसंगी फीसुद्धा भरते.

निवडणुकीच्या तीन महिने आधी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राज्याच्या साइटची लिंक टाका आणि प्रत्येकाला आपलं नाव यादीत आहे का बघायला लावा. फेडरल निवडणुकीच्या आधीच्या ९० दिवसांत सरसकट नावं काढायला बंदी आहे, पण त्याच्या आधी गेलेलं नाव तुम्ही बघितल्याशिवाय कळत नाही. आणि केंद्रावर अडवलंच तर भांडत बसू नका, प्रोव्हिजनल बॅलट (कागद पटल्यावरच मोजली जाणारी तात्पुरती मतपत्रिका) मागा, मत टाका, आणि कुठला कागद किती दिवसांत कुठे न्यायचा ते लिहूनच घ्या. प्रत्येक राज्याची मुदत वेगळी असते, टेक्सासमध्ये मतदानानंतर सहा दिवस मिळतात.