पटकथेचा पहिला खर्डा वाचून

प्रिय पटकथाकार,
अनेक आशीर्वाद.

तुझा टेस्ट ट्यूब बेबीच्या गोष्टीचा खर्डा वाचला. शेवटी बाळ रडतं आणि डॉक्टरांचे डोळे भरून येतात, तो प्रसंग आधी काढ. बाळ होणार हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं.

२०२४चा ‘जॉय’ हा सिनेमा पुन्हा पाहा, या वेळी वही घेऊन. २५ जुलै १९७८ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅममध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली, हे जगजाहीर. मग लिहिणाऱ्यांनी जीन पर्डीला मध्यभागी आणलं. त्या कामातले शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांना नोबेल मिळालं, डॉक्टर पॅट्रिक स्टेप्टोंचं नाव झालं. प्रयोगशाळा सांभाळणारी ही परिचारिका मात्र १९८५मध्ये, चाळिशीही न गाठता गेली. तिचं नाव या कामाच्या स्मृतिपाटीवर असावं असा एडवर्ड्सचा आग्रह होता. ते लागायला २०१५ उजाडलं.

कामाचा तपशीलही बघ. लुईसची आई लेस्ली ब्राउन हिच्या वेळी जास्त बीजांडं मिळवणारी औषधं वापरलीच नाहीत. नैसर्गिक पाळीतलं एकच बीजांड. दर काही तासांनी लघवी तपासायची आणि हार्मोन चढला की त्यावरून शस्त्रक्रियेची वेळ ठरायची, मग रात्र असो की पहाट. इतकं छान घड्याळ आयतं मिळालेलं असताना तुझे डॉक्टर व्हरांड्यात उभे राहून भाषणं का ठोकतात?

परळची गोष्ट निवडलीस, हे फार आवडलं. पण ६ ऑगस्ट १९८६ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांना यश येतं, देशातलं पहिलं मानलं गेलेलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मतं आणि तू पडदा पाडतेस. मला तर गोष्ट तिथून पुढे दिसते. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या हाती पुढे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांचे कागद आले. मुखोपाध्यायांची टेस्ट ट्यूब बेबी ‘दुर्गा’ ३ ऑक्टोबर १९७८ची! सरकारी समितीनं त्यांचा दावा उडवून लावला, जपानला परिषदेला जाऊ दिलं नाही, शेवटी नेत्रविभागात बदली केली. १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आनंद कुमारांनी त्या नोंदी तपासल्या आणि १९९७मध्ये लेख छापून सांगितलं, पहिला मान मुखोपाध्यायांचा. म्हणजे स्वतःच्या चमूच्या नावावर असलेला ‘पहिला’ हा शिक्का त्यांनी आपल्या हातानं पुसला. (आपल्याकडे साध्या सत्कारातली खुर्ची कोणी सोडत नाही!)

मुखोपाध्यायांच्या शोकांतिकेवरून ‘एक डॉक्टर की मौत’ येऊन गेलाय, ती पुन्हा नको. कागद वाचणारा माणूस लिही. त्याला कुठल्या नोंदीपाशी खात्री पटते, आधी कोणाला सांगतो, घरी येऊन जेवतो का? संवाद कमी ठेव. आणि यातली जी माणसं हयात आहेत, त्यांना लिहिण्याआधी भेट.

पुढचा खर्डा गणपतीनंतर पाठव, तोवर मला सवड नाही.

तुझा,
काका