वजन जास्त असताना दिवस गेले, तर एवढ्या तपासण्या कशासाठी?

अकरावा आठवडा, पहिलेच बाळंतपण, उंची 157 सेंटिमीटर, वजन 88 किलो, आणि पहिल्याच भेटीत डॉक्टर मॅडमनी लिहून दिलेली गोळ्यांची व तपासण्यांची भलीमोठी यादी. घरात 'आमच्या वेळी असले काही नव्हते' हे पालुपद सुरू आहे आणि तुम्हाला मात्र ही आपल्या जाडीची शिक्षा वाटते आहे. तुम्ही विचारले आहे, की हे सगळे खरोखर लागते का, आता तरी वजन उतरवायला घ्यावे का, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातील तारीख असताना बाळंतपणाला गगनबावड्याला माहेरी जावे का. मी डॉक्टर नाही. माझी दोन्ही बाळंतपणे मात्र कोल्हापुरातच, तुमच्याइतक्याच वजनात झाली आहेत, आणि त्या काळात मी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की शेवटी शेवटी मला पाहताच त्या खुर्चीत मागे रेलून बसत असत. त्या उत्तरांच्या आधारे लिहिते. औषधांचा निर्णय अर्थातच तुमच्या मॅडमचा.

आधी हिशेब पाहू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा, 35.7 येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत 30 च्या पुढे स्थूलता धरतात. आपल्याकडचे डॉक्टर तर 25 पासूनच धरतात, कारण आपल्या लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो. काळजी वाढवण्यामागे दोन निरनिराळी कारणे असतात. एक म्हणजे रक्तदाब, साखर, रक्ताच्या गुठळ्या, सिझर आणि टाक्यांचा जंतुसंसर्ग यांची शक्यता वजनामुळे खरोखरच वाढते. दुसरे कारण सहसा कोणी समजावून सांगत नाही: दवाखान्यातील नेहमीची साधने आपल्या शरीरावर कमी पडतात. रक्तदाबाचा पट्टा पुरत नाही, पोटावर धरलेली टेप फसवते, सोनोग्राफीचे चित्र धूसर येते. यादीतील निम्म्या गोष्टी या दुसऱ्या कारणासाठी असतात आणि त्यांत आपला काहीच दोष नसतो.

पट्ट्याचेच उदाहरण देते. 2014 साली सातव्या महिन्यात एका छोट्या नर्सिंग होममध्ये माझा बीपी 150/96 आला. सिस्टर पट्टा गुंडाळत होत्या, फुगवताच तो चर्रकन उसवत होता, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी तो हाताने घट्ट दाबून धरून आकडा वाचला. लगेच दाखल होण्याचा सल्ला मिळाला, घरात रडारड झाली. संध्याकाळी आम्ही दुसऱ्या रुग्णालयात गेलो. तेथील वयस्क सिस्टरांनी बीपीचे यंत्र हातात घेण्याआधी शिंप्याकडे असते तशी टेप काढून माझा दंड मोजला, तो 36 सेंटिमीटर भरला. मग त्यांनी कपाटातून मोठा पट्टा आणला, मला पाठ टेकवून पाच मिनिटे गप्प बसवले आणि मग मोजले, तर 128/82. दंडाला आखूड पडणारा पट्टा आकडा वाढवून दाखवतो. साधारणपणे दंडाचा घेर 32 सेंटिमीटरच्या पुढे असेल तर मोठा पट्टा लागतो. तुम्ही पुढच्या भेटीत आपला दंड मोजून घ्या, तो आकडा फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या आणि दर वेळी मोठाच पट्टा मागा. यात लाजण्यासारखे काही नाही. चपलेचा नंबर सांगताना आपण कुठे लाजतो?

याचा अर्थ वाढलेला प्रत्येक आकडा खोटा, असा मात्र मुळीच घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर योग्य पट्ट्यानेही बीपी 140/90 किंवा त्याहून वर जाऊ लागला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर ती प्रीएक्लॅम्प्सिया या गंभीर आजाराची खूण असते. डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगड्यांच्या खाली पोटात दुखणे, चेहरा व हात अचानक सुजणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तुम्हाला लिहून दिलेली 'रक्त पातळ करण्याची गोळी', जिच्या नुसत्या नावाने सासूबाई धास्तावल्या आहेत, ती याच आजाराला आळा घालण्यासाठी आहे. कमी मात्रेची ॲस्पिरिन, साधारण 75 ते 150 मिलिग्रॅम, बाराव्या आठवड्यापासून देतात. बीएमआय 35 च्या पुढे असणे आणि पहिलेच बाळंतपण असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती देण्याची शिफारस आहे. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर तिचा उपयोग अधिक होतो, म्हणून 'पाचव्या महिन्यापर्यंत बघू' असे म्हणून ती डबीत ठेवू नका. फॉलिक ॲसिडची 5 मिलिग्रॅमची गोळीही तशीच. ती बाळाच्या मेंदूच्या व मणक्याच्या घडणीसाठी असते. वजन जास्त असलेल्यांना नेहमीच्या मात्रेऐवजी ही मोठी मात्रा बाराव्या आठवड्यापर्यंत देतात. खरे तर ती दिवस जाण्याआधीपासून घ्यायची असते, पण आपल्याकडे दिवस जाण्याआधी डॉक्टरांकडे जाते कोण?

साखरेच्या तपासणीला सासूबाईंचा विरोध आहे, कारण तुमच्या माहेरी कोणालाच मधुमेह नाही. माझ्याही माहेरी नव्हता. गर्भावस्थेत वार जे संप्रेरक सोडते त्यामुळे प्रत्येकीच्याच शरीरात इन्सुलिनचा जोर कमी होतो. वजन जास्त असेल तर तो आधीच कमी असतो, म्हणून साखर लवकर चढते. आपल्या देशातील पद्धतीप्रमाणे पहिल्याच भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांदरम्यान, पोट रिकामे असो वा भरलेले, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा 140 किंवा त्याहून अधिक आला तर गर्भावस्थेतील मधुमेह धरतात. पहिली तपासणी चांगली आली म्हणून दुसरी टाळू नका. माझी पहिली व्यवस्थित होती आणि सव्विसाव्या आठवड्यात 158 आली. मग दोन आठवडे पथ्य झाले, जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या खाली आली, पण उपाशीपोटीची काही केल्या 95 च्या खाली येईना, तेव्हा रात्रीचे इन्सुलिन सुरू करावे लागले. 'इन्सुलिन एकदा लागले की कायमचे' ही समजूत या बाबतीत चुकीची आहे. वार पडल्यावर माझे ते त्याच दिवशी बंद झाले. साखर आवरली नाही तर बाळ प्रमाणाबाहेर पोसते, बाळंतपणात त्याचे खांदे अडकण्याचा धोका वाढतो आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली जाऊ शकते.

आता वजन उतरवण्याविषयी. नको. गर्भावस्थेत वजन कमी करण्याच्या मागे लागू नये. ते बेताने वाढू द्यावे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये ठरवलेले आणि आपल्याकडेही अनेक डॉक्टर मानतात ते प्रमाण असे, की नेमस्त वजनाच्या स्त्रीने नऊ महिन्यांत 11.5 ते 16 किलो वाढावे आणि बीएमआय 30 च्या पुढे असलेलीने 5 ते 9 किलो. 'दोन जिवांचे खा' हे वाक्य प्रेमाचे असले तरी हिशेबाचे नाही. चौथ्या महिन्यापासून दिवसाला सुमारे 350 कॅलरी जादा लागतात, म्हणजे साधारण एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध. आणि आपल्या वजनात बहुधा तेवढेही नको असते.

कोल्हापुरात राहून पथ्य पाळणे ही वेगळीच परीक्षा आहे. मिसळीतल्या मटकीचे आणि कटाचे मला भय वाटत नाही, त्याबरोबर येणाऱ्या फरसाणाचे आणि तीन-चार पावांचे वाटते. तांबड्या रश्श्यातले मटण खुशाल खा, वरचा तवंग काढून टाका, भाताऐवजी भाकरी घ्या. साखर बंद करून त्याच हाताने चहात गूळ घालणे हा आपल्या जिल्ह्याचा लाडका भ्रम आहे. रक्ताला त्यातला फरक कळत नाही. शुक्रवारच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. माझी सर्वांत जास्त साखर त्याच दिवशी यायची, हे मी वहीत आकडे लिहू लागल्यावर कळले. आणि तुमचे यजमान कौतुकाने गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेऊन समोर काढलेले धारोष्ण दूध पाजत असतील, तर ते या नऊ महिन्यांत बंद करा. कारण केवळ साय नाही, न तापवलेल्या दुधातून येणारे जंतू गर्भाला घातक ठरू शकतात. तेच दूध घरी आणून उकळा, साय काढा आणि प्या. रंकाळ्यावर रोज अर्धा तास चाला. शेजारणीशी बोलता बोलता धाप लागणार नाही, एवढाच वेग ठेवा.

सोनोग्राफीचा अहवाल हातात पडला की त्यातील एखाद्या वाक्याने झोप उडते, म्हणून आधीच सांगून ठेवते. चरबीच्या थरातून जाताना ध्वनिलहरी क्षीण होतात, त्यामुळे 18 ते 20 आठवड्यांच्या तपासणीत 'हृदयाचे सर्व भाग नीट दिसले नाहीत, पुन्हा तपासावे' असे लिहून येऊ शकते. त्याचा अर्थ हृदयात दोष आहे असा नसून डॉक्टरांना ते दिसले नाही एवढाच असतो, आणि तसे प्रामाणिकपणे लिहिणारे डॉक्टर चांगले समजावेत. पुन्हा बोलावले तर जरूर जा. पोटावर टेप लावून बाळाची वाढ ठरवणे आपल्या बाबतीत भरवशाचे नसते, म्हणून शेवटच्या तिमाहीत वाढीच्या सोनोग्राफी जास्त सांगतात. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र 'चरबीमुळे जाणवत नसेल' अशी स्वतःची समजूत घालत घरी बसू नका.

भूलतज्ज्ञांची भेट बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात मागून घ्या. पाठीत भुलीची सुई देताना मणक्यांमधील जागा बोटाने चाचपून शोधावी लागते. ती आपल्या पाठीत सहज लागत नाही, हाताची शीरही लवकर सापडत नाही. मध्यरात्री घाईच्या सिझरला हे पहिल्यांदा कळण्यापेक्षा दुपारी शांतपणे कळलेले बरे.

यातूनच माहेरचा प्रश्न सुटतो. तुमचे बाळंतपण जेथे चोवीस तास भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे अशाच ठिकाणी व्हावे, असे मला ठामपणे वाटते. गगनबावडा म्हणजे जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा तालुका, आणि तुमची तारीख ऐन ऑगस्टातली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये महापुराने काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पंचगंगेला पूर आला की तिकडचा रस्ता कधी बंद होईल ते सांगता येत नाही. डोहाळजेवणाला माहेरी जा, आठ दिवस राहा, आणि जून संपण्याआधी शहरात परत या. आईलाच इकडे बोलावून घ्या. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर हे कोल्हापुरातले सरकारी रुग्णालय आहेच, आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची तपासणी मोफत होते. तेथे जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. ते पाहून माझी एक मैत्रीण रडली होती; पण रात्री अकराला ती कळा घेऊन पोहोचली तेव्हा ते लाल स्टिकर पाहूनच तिला रांगेतून थेट आत घेतले.

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना आपल्याकडे बाजेवरचा. शेक, शेगडी, डोक्याला बांधलेले फडके हे सारे असू द्या, पण सतत पडून राहणे नको. गर्भावस्थेत आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, वजनामुळे तो आणखी वाढतो, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. सिझर झाले तरी डॉक्टर सांगतील तेव्हा लगेच उठून चाला, पाणी भरपूर प्या, आणि पोटाच्या कातडीखाली घ्यायची, गुठळी होऊ न देणारी हेपॅरिनची इंजेक्शने लिहून दिली तर ती पूर्ण करा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर ती 'बाळंतवाताची कळ' समजून तेल चोळत बसू नका. टाके पोटाच्या घडीखाली येतात, तेथे घाम साचतो. ती जागा कोरडी ठेवणे हेच तेथले मुख्य औषध. दूध उतरायलाही आपल्याला एखादा दिवस उशीर होऊ शकतो. त्या काळात पावडरचा डबा उघडण्याऐवजी बाळाला वारंवार छातीशी धरा आणि कुशीवर निजून पाजण्याची पद्धत सिस्टरांकडून शिकून घ्या.

आणखी एक तपासणी, जी मी स्वतः चुकवली. गर्भावस्थेत साखर निघाली तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते. बाळाच्या लसीला मी वेळेवर गेले, माझ्या रक्ताचे मात्र 'पुढच्या आठवड्यात' करता करता साडेतीन वर्षे गेली, आणि दुसऱ्या वेळी दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत कळले की मधुमेह मधल्या काळातच मुक्कामाला आला होता. तुम्हाला साखर निघेलच असे नाही. पण निघाली, तर तुमचे सहा आठवडे सप्टेंबरच्या मध्याला भरतात. घरात गणपती असतील किंवा नुकतेच उठलेले असतील, आणि त्या धांदलीत कोणाला आठवण राहणार नाही. ती तारीख आजच फाईलच्या मागच्या पानावर लिहा आणि यजमानांच्या मोबाईलमध्येही घालून ठेवा.